गुलाबी फेट्याचा फ्लेक्स

हे सांगायचं मी कैक वर्षं टाळत आलो. आता टाळायलाही फार वर्षं उरलेली नाहीत. वडवणीच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स बनवणारा माझा एक शेजारी होता. संगणकापुढं बसलं की दुनिया चांगली आहे असं वाटणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात तेवढा एकच असावा. बाकीचे दुकानदार महागडा प्रोग्राम चोरून उतरवायचे. हा मात्र जगानं फुकट वाटलेलाच वापरायचा. "गुरुजी, कुठली कुठली माणसं, एकमेकांचं तोंड न्हाई बघितलेली, आन् आपल्यासाठी हे बांधतेत," असं म्हणून तो छताकडं बघत राही, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला चहा निवून जाई. प्रोग्राम मधेच बंद पडला तर मोडक्या इंग्रजीत आधी त्या माणसांची खुशाली विचारी, मग तक्रार लिही. एकदा कुठल्याशा बर्फाळ देशातून उत्तर आलं, तर पठ्ठ्यानं स्टँडवरच्या कंडक्टरांना पेढे वाटले. "दुरुस्त झालं का?" मी विचारलं. "न्हाई. पण लई आपुलकीनं न्हाई म्हणले."

माझा पुतण्या सरपंच झाला, तेव्हा मिरवणुकीचा फ्लेक्स मी त्यालाच सांगितला. गुलाबी फेटा, हसरा चेहरा. पडद्यावर दृष्ट लागावी असा. तो मात्र घुटमळला. "गुरुजी, छापल्यावर रंग कसा यील ते ह्यात नीट कळत न्हाई. तेवढं उणं हाय. एक दिवस द्या, बीडहून नमुन्याचा तुकडा छापून आणतो."

"मिरवणूक उद्या सकाळी आहे. छाप बे गुमान."

सकाळी फ्लेक्स चढला. फेटा मातकट, आणि सरपंच पिकल्या जांभळासारखा. लोक पोट धरून हसले. पुतण्या त्याच्यावर खेकसला, "फुकटच्या प्रोग्रामवर माझं तोंड काळं केलं बे!" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टोपी झटकली आणि म्हणालो, "फुकटचं असंच असतंय."

त्यानंतर एकाही पुढाऱ्याचा फ्लेक्स त्याच्याकडं गेला नाही. दुकान मिटलं.

मागच्या उन्हाळ्यात तो कडा गावी दुसऱ्याच्या दुकानात कामाला असल्याचं कळलं, तेव्हा एसटीनं गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. तो त्याच महागड्या प्रोग्रामपुढं मान खाली घालून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची दिली. "काहून आलात एवढ्या उन्हात, गुरुजी? काय काढायचं?"

"आधार कार्डाची रंगीत झेरॉक्स," मी म्हणालो.

त्यानं ती निगुतीनं काढली, दारातल्या उजेडात धरली. "बघा, बराबर आलाय का रंग?"

मी मान डोलावली, आणि 'तू सांगितलं होतंस' एवढं तोंडातच घेऊन परतीच्या एसटीत चढलो.