बाहेर उघडणारं दार

नया बाजारातल्या नकाशे छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी ती मुलगी मला एकदाच भेटली. घराचा नकाशा मी लॅपटॉपवर स्वतःच काढला होता, पण त्यातल्या बाथरूममध्ये काही केल्या फरशी भरेना. तिने कोपरा मोठा करून दाखवला. दोन भिंतींमध्ये केसाएवढी फट होती.

"काका, भिंती जुळल्याशिवाय सॉफ्टवेअर बाथरूमला खोली मानतच नाही."

फरशी भरली. मी उठलो, पण ती नकाशा आपल्याच घरचा असावा तसा न्याहाळत होती.

"घर में कोई बुज़ुर्ग आहेत का?"

"आई आहे."

तिने बाथरूमचं आत उघडणारं दार बाहेर उघडणारं केलं. "आत पडल्या तर दाराला अडकतील. मग उघडणार कसं?"

त्याच नकाशावर घर झालं. गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये दारापाशीच पडली. नुसतं लोटलेलं दार मी एका ओढीत उघडलं.