खडवली ऐकू येत नाही

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत एक लांबलचक तार ताणलेली आहे. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी तिच्यावर चादर वाळत घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची उत्तमराव मोकलांशी ओळख होते. ती ओळख तो डोंबिवली सोडेपर्यंत विसरत नाही.

उत्तमराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, पण स्वतः मोबाईल असा धरतात, जसा काही दुसऱ्याचा टॉवेल. त्यांचा जीव हॅम रेडिओत. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा आणि घरातल्या सेटवरून, गच्चीवरच्या त्या तारेच्या जोरावर, जगभरातल्या आपल्यासारख्याच छंदिष्टांशी गप्पा मारायच्या. गप्पा तरी कसल्या? 'तुमचा आवाज कसा येतोय' आणि 'तुमच्याकडे हवा कशी आहे'. अर्जेंटिनातल्या एका दंतवैद्याला ते डोंबिवलीच्या उकाड्याची खबर देत. शेजारच्या विंगमध्ये कोण राहतं विचारलं, तर पत्ता नाही.

पण दंतवैद्य हा सणासुदीचा पाहुणा. रोजचा माणूस म्हणजे खडवलीचे बाबुराव. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, स्वतः जुळवलेला छोटासा सेट वापरत. वीसेक वर्षं रोज सकाळी सातला दोघं हवेवर भेटत. प्रत्यक्षात एकदाही भेटले नव्हते. मी एकदा म्हटलं, "अहो, गाडीत बसलात की खडवली. एकदा जाऊन या."

"कशाला? रोज भेटतोच की."

"मग फोन तरी करा."

"फोनवर काय, कुणीही बोलतं!" म्हणाले. फोन करायचा नाही, हा दोघांचा ठरलेला नेम होता. फोन म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षेत कॉपी.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघांचं वाजलं. उत्तमराव हवेवर म्हणाले, "बाबुराव, त्या डब्यातून तुम्ही बोलता की मांजर?" बाबुराव चिडले. म्हणाले, "मग मांजराशी कशाला बोलता?" आणि सेट बंद केला. वीस वर्षांत अशी भांडणं खूप झाली होती. दुसऱ्या दिवशी सातला मिटत.

हे भांडण मिटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबुराव ऐकूच येईनात. उत्तमरावांच्या सेटमध्ये नुसती खरखर, जसं कुणी कायम पापड तळतंय. त्याचं खापर त्यांनी नव्या लिफ्टवर फोडलं, सेक्रेटरी देवराम पाटलांना जिन्यात गाठून इतकं झापलं, की पाटील लिफ्ट सोडून चालत जाऊ लागले. "आणि खरखर असली म्हणून काय झालं?" उत्तमराव म्हणत. "बाबुरावचा खोकला मी वादळातसुद्धा ओळखीन. तो येतच नाहीये. रुसलाय."

तरी रोज सातला हाक मारायचे. "बाबुराव, आहात का? कुणी आहे का खडवलीला?" मग थांबायचे. मग म्हणायचे, "बरं. रुसा."

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. उत्तमराव हळूहळू बोलायचे बंद झाले. चादरीवरून ओरडेनात. एक दिवस त्यांच्या बायको विमलाबाई आमच्या दारात आल्या. "भावजी, ह्यांना खडवलीला घेऊन जा हो. बाबुराव गेला म्हणतात. जेवत नाहीत धड."

गेलो आम्ही. वाटभर उत्तमराव मांडीवर मिठाईचा पुडा घेऊन बसले होते. दुखवट्याला मिठाई नेत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पुडा म्हणजे त्यांचा नवस होता.

दार सुनेनं उघडलं, आणि तिच्यामागे ओटीवर बाबुराव शेंगा सोलत बसलेले! धडधाकट. पुड्याचा दोरा उत्तमरावांनी बोटाभोवती गुंडाळून तोडलाच.

"मी मोकल. डोंबिवली."

बाबुराव बघत राहिले. "आवाजावरून ओळखलं," म्हणाले. "मला वाटलं, उंच असाल."

रेडिओवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. एकाचं संपलं, की 'ओव्हर', मग दुसऱ्यानं. इथे ओव्हर कुणी म्हणेना, म्हणून सुरुवातही कुणी करेना. मी हवापाण्याचं बोलून पाहिलं. शेवटी उत्तमराव म्हणाले, "इतके दिवस आला नाहीत. एवढा राग?"

बाबुरावांच्या हातातली शेंग थांबली. "मी आलो नाही? रोज आलो. तुमचा आवाज तर घरात बसल्यासारखा. तुम्ही विचारायचात, कुणी आहे का? मी ओरडायचो, आहे, मी आहे. की तुमचं परत, कुणी आहे का? वरून, रुसा म्हणे. साऱ्या जगासमोर. मांजर म्हणालात, ते चाललं हो. पण असं..."

"मला ऐकूच येत नव्हतं!"

"आम्हाला तसं वाटलं नाही," बाबुराव म्हणाले. सून आत गेली.

सेट त्यांनी नाशिकच्या एका पोराला देऊन टाकला होता. तारेचा बांबू परसात घेवड्याच्या मांडवाला लावला होता. आम्ही तो पाहिला. घेवडा छान आला होता. "नवा सेट बसवू, मी करतो सगळं," उत्तमराव म्हणाले. "नको," बाबुराव म्हणाले, "आता सवय मोडली." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

निघताना उत्तमराव फाटकाशी वळून म्हणाले, "सेव्हन्टी थ्री, बाबुराव." हा रेडिओवाल्यांचा रामराम. त्याला उत्तर सेव्हन्टी थ्रीच देतात.

"सावकाश जा," बाबुराव म्हणाले. पुडा त्यांनी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी मला बोलावलं. सेट बॅटरीवर लावला होता आणि घरातला एकेक बोर्ड बंद करत चालले होते. फ्रिज, पंखे, मुलाचं वायफाय. खरखर तशीच. मग देवघरातलं बटण दाबलं. गणपतीभोवतीची दिव्यांची माळ विझली आणि खोलीतलं पापड तळणं थांबलं. कुठला तरी दूरचा माणूस स्वच्छ आवाजात हवामान सांगू लागला.

माळ घटस्थापनेसाठी आली होती, कल्याणच्या बाजारातून, मुलानं, मितेशनं आणलेली. विमलाबाईंचे हात हल्ली थरथरतात, दिवा लावायला काडी ओढता येत नाही, म्हणून. त्या रोज सातलाच पूजेला बसतात.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी आठला पूजा करते."

उत्तमरावांनी बटण पुन्हा दाबलं. माळ लुकलुकली, खरखर सुरू झाली.

"असू दे," ते म्हणाले. "सातलाच कर."

सेट मात्र त्यांनी बंद केला नाही. विमलाबाईंनी घंटा घेतली आणि त्या खरखरीतच आरती म्हणायला लागल्या. उत्तमराव सेटसमोर हात जोडून उभे राहिले.