पुन्हाबाई

आमच्या कॉलेजात गणिताच्या एक बाई होत्या. त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. उदाहरण चुकलं की त्या म्हणायच्या, "पुन्हा." बरोबर आलं तरी, "पुन्हा, आता न बघता." हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्याचा त्यांना मुळीच राग नव्हता. इतर प्राध्यापक वरचे वर्ग मिळावेत म्हणून धुसफुसायचे. बाई दरवर्षी पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस स्वतःहून मागून घ्यायच्या. नवा खडू फळ्यावर किंचाळतो म्हणून त्या दुसऱ्यांनी टाकलेले तुकडे डबीत जमवून ठेवत आणि त्यांनीच लिहीत.

मला मात्र त्यांच्या वर्गात बसायचं नव्हतं. शाळेत माझा कॅल्क्युलस झाला होता, त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. अशा मुलांना पहिला कोर्स सोडून थेट दुसऱ्याला बसायची मुभा होती. सुरुवातीला काही दिवस अदलाबदल चालायची, मग जे घेतलं ते वर्षभर निभवायचं. आणि त्यात नापास झालं, तर गणित हा मुख्य विषय कायमचा हातचा गेला. मला तर लहानपणापासून गणिताशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. पण तेव्हा मी नाकावर माशी बसू देत नसे. जे येतं तेच परत शिकायला मी काय वेडी होते? शिवाय बाबांचं चष्म्याचं दुकान. नंबर तपासायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी भिंग बदलता बदलता सांगून टाकलं होतं, "आमची लेक पहिला कोर्स सोडून एकदम वर चाललीय."

दुसरा कोर्स शिकवणारे सर तरुण, हुशार आणि भरधाव होते. पहिल्या आठवड्यातच सगळं माझ्या डोक्यावरून जायला लागलं. मी मान खाली घालून फळ्यावरचं सगळं उतरवत राहिले, घरी जाऊन कळेल म्हणून. घरी काही कळेना. त्या वर्गात दाराजवळच्या शेवटच्या बाकावर पुन्हाबाई येऊन बसायच्या. आपण शिकवून वर पाठवलेली मुलं नेमकी कुठे अडतात ते बघायला त्या दरवर्षी येतात, असं कळलं. म्हटलं, हौस एकेकाला!

अदलाबदलीचे दिवस संपत आले होते. एके दिवशी तास संपला आणि मी वही मिटली. पुन्हाबाईंच्या वर्गात जायचं म्हणजे नाक कापून घेणं. त्यापेक्षा गणितच सोडून भूगोल घ्यावा, असं मी ठरवलं. रडू आवरत ऑफिसच्या खिडकीकडे निघाले. वाटेत पाण्याचा नळ होता, तिथे बाई आपली बाटली धूत होत्या.

"काय गं, कुठे निघालीस?"

"विषय बदलायला. गणित सोडतेय."

त्यांनी नळ बंद केला. "वर्गात मी तुझा हात बघते. तुझं पेन कधी थांबतच नाही."

मला वाटलं, कौतुक चाललंय. "मी सगळं उतरवून घेते, बाई."

"तेच म्हणतेय मी. ज्याला कळत असतं तो मध्येच थांबतो. विचार करतो."

मला झोंबलंच. "शाळेत मला पैकीच्या पैकी होते."

"असतील की. मग सांग, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. घात पुढे घ्यायचा, वरचा एकाने कमी करायचा.

"हे काढायचं कसं ते झालं. काढल्यावर हातात काय येतं?"

बाईंनी आपली बाटली माझ्या हातात दिली. पोटाला फुगीर, मानेला बारीक. "भर ही."

मी नळ सोडला. पाणी सावकाश चढत मानेपर्यंत आलं आणि मी घाईघाईने नळाकडे हात नेला.

"थांब. आताच का गडबड?"

"मानेशी पाणी भराभर चढतं ना."

"नळ तर तेवढाच सोडलाय."

"हो, पण इथे बाटली अरुंद आहे, म्हणून उंची..." मी बोलता बोलता अडखळले. "बाई, पाण्याची उंची त्या त्या क्षणाला किती वेगाने वाढतेय... तेच का ते?"

"तेच."

बाटली भरून वाहत होती, माझी बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि नळ बंद करायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

"अगं, तुला येतं की!" बाई म्हणाल्या. "फक्त येतं हे तुझं तुला माहीत नाही. माझ्या वर्गात ये. भूगोल काही पळून जात नाही."

घरी बाबांना सांगितलं, मी पहिल्याच कोर्सला बसतेय. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "त्यात काय? सिनेमा आवडला की आपण दुसऱ्यांदा बघतोच की. दुकानात तसंच सांगतो." माझा जीव भांड्यात पडला.

आज माझं पोट गणितावर चालतं. त्या वाटेवर नळाच्या आधी ऑफिसची खिडकी लागली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनात येतो. पहिल्या कोर्सचं ते वर्ष बाईंनी मला दिलं, आणि तेही मी काहीतरी गमावतेय असं एकदाही वाटू न देता. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा दुसऱ्या कोर्सला बसले. तेच सर, तोच वेग. एका तासाला त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली, आणि ती अशी का, हे माझ्या मनात घोळायला लागलं. बाकीचे लिहीत होते. माझं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं होतं. एकदम आठवलं म्हणून मी मागे वळून बघितलं.

दाराजवळच्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांचं फळ्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या हाताकडे बघून हसत होत्या.