एवढी इनिंग संपू दे

जेवताना टीव्ही बंद, हा आमच्या घरातला नियम. सासरे पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला राहायला आले आणि त्या नियमाचे बारा वाजले. निमित्त काय, तर बेसबॉल! माझी तेरा वर्षांची लेक इथल्या क्लबात सॉफ्टबॉल खेळते, म्हणून तिला अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचं वेड. रोज संध्याकाळी ती सोफ्यावर मॅच लावून बसायची आणि आजोबा तिच्या शेजारी.

"बाबा, पानं घेतलीत, या."

"एवढी इनिंग संपू दे गं."

ही इनिंग काही केल्या संपायची नाही. अशा नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांनी खेळायचं, आणि तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी करणाऱ्या संघाला हलवायचं नाही. बरं, खेळ तरी व्हावा! चेंडू फेकणारा आधी टोपी सरळ करणार, मग खांद्यावरून मागे बघणार. तो एकदाचा तयार झाला, की फलंदाज बाजूला होऊन हातमोज्याचे पट्टे सोडून पुन्हा बांधणार. मध्येच कोच संथपणे चालत येणार, गप्पा मारणार आणि फेकणाराच बदलणार. नवा आला की त्याचे सरावाचे चेंडू. वर जाहिराती. आमच्याकडे मंगळागौर तरी कधीतरी आटपते!

नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणायचा, "बसू दे की त्यांना." त्याचं काय जातंय? गार झालेल्या पोळ्या पुन्हा तव्यावर टाकायला मी आहेच.

मला खरी धास्ती होती ती बाबांच्या साखरेची. त्यांची गोळी जेवणाआधी घ्यायची आणि घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर साखर एकदम उतरते. एका संध्याकाळी "आता शेवटचाच गडी" म्हणत त्यांनी ती घेतली. तो शेवटचा गडी काही बाद होईना. तो चेंडू नुसता रेषेबाहेर मारत राहिला, आणि बेसबॉलमध्ये तसं कितीही वेळा मारता येतं म्हणे. मी आमटी गरम करून बाहेर आले, तर बाबांना दरदरून घाम फुटलेला, हात थरथरतायत. लेक शेजारीच, डोळे पडद्यावर. मी धावत जाऊन साखरपाणी पाजलं. ते सावरले, आणि मग मी दोघांना असं काही फैलावर घेतलं की खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनाही मराठी कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रागारागाने हे सगळं एका जर्मन सहकाऱ्याला सांगितलं. तो स्वतः बेसबॉल खेळतो. म्हणाला, आता मॅच पूर्वीपेक्षा बऱ्याच लवकर संपतात. रेंगाळणं बंद व्हावं म्हणून चेंडू फेकायला घड्याळ लावलंय. मैदानात आकडे उलटे पळताना दिसतात.

आमच्या टीव्हीवर मला असं घड्याळ एकदाही दिसलं नव्हतं.

घरी आले ती थेट लेकीसमोर उभी राहिले. तिने शांतपणे जर्मनमध्ये सांगून टाकलं, की या सगळ्या घड्याळ यायच्या आधीच्या, जुन्या मॅच आहेत. नव्या लवकर संपतात, ओपाला लांब आवडतात. जर्मनमधला ओपा म्हणजे आजोबा. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. आणि ओपांना 'या' म्हणजे हो आणि 'डांके' म्हणजे धन्यवाद, यापलीकडे जर्मन येत नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे रेकॉर्ड केलेल्या मॅचपायी मी रोज ताटकळत बसत होते! तशीच बाबांच्या खोलीत गेले.

"अहो बाबा, मॅच जुन्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मीच शोधायला सांगितल्या तिला."

"मग एक बटण दाबून थांबवायची ना! सावकाश जेवायचं आणि परत बघत बसायचं. जिवाशी कसले खेळ करता?"

ते चादरीची घडी घालत होते. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

"एकदा थांबवली होती," ते म्हणाले. "जेवण झाल्यावर ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी सोफ्यावर वाट बघत बसलो. दार वाजवलं असतं गं, पण तिने उघडल्यावर तिच्याशी बोलू काय?"