सहा म्हणजे सहा

टायमकीपरनं एकदा बेत आखला की आखला. बस डेपोत एकतीस वर्षं शिट्टी फुंकून गाड्या सोडल्या होत्या त्यानं. निवृत्त झाला, पण अंगातला डेपो काही निघाला नाही. घरी पाहुणे आले की त्याचा एक ठेवणीतला किस्सा असायचा: ‘स्वतःची बायको पिशवी घेऊन पळत येत होती, तरी मी शिट्टी मारली! वेळ म्हणजे वेळ!’ पाहुणे पोट धरून हसायचे. बायको तेवढ्यात पाणी आणायला उठायची.

आता दोघं लेकीकडे निघाली होती. वाटेत मोठ्या शहरात गाडी बदलायची, म्हणून एक रात्र मुक्काम. तेवढ्यासाठी गड्यानं चार पानं भरली! लॉज स्वस्तातला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. जेवण घरून बांधून. फिरणं सिटी बसनं. टॅक्सीचं नाव काढायचं नाही.

बायकोनं त्या चार पानांत एकच गोष्ट मागून घेतली होती, अक्काची भेट. अक्का ही तिची थोरली बहीण. आईमागे तिनंच हिला लहानाचं मोठं केलं. वर्षभर ती त्या शहरातल्या वृद्धाश्रमात होती आणि एकेक माणूस विसरत चालली होती. भाच्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, ‘मावशी, यायचं तर आत्ताच ये. पुढच्या खेपेला आई तुला ओळखेल याची खात्री नाही.’

भेटीची वेळ चार ते सहा. टायमकीपरनं लिहिलं: साडेचार लॉज, पाच दहाची बस, साडेपाच आश्रम. ‘अर्धा तास भरपूर झाला,’ म्हणाला.

आता गंमत बघा. या माणसाचं मनगटी घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. डेपोतली खोड! बायको तर झोपेतसुद्धा त्यातून दहा वजा करायची. पण या प्रवासात गाडी चुकायला नको म्हणून स्वारीनं सकाळी ते स्टेशनच्या घड्याळाशी जुळवलं. आणि सांगितलं कुणाला? कुणालाही नाही!

लॉजवर पोचल्यावर त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ‘मी खाली स्टॉपवर थांबतो. तू तोंड धुऊन पाच पाचला ये.’

काटा पाच पाचवर आला तेव्हा तिनं सवयीनं दहा वजा केले. अजून वेळ आहे म्हणून अक्कासाठी विणलेला निळा स्वेटर उलगडला, एक सुटलेला टाका नीट केला, पुन्हा घडी घातली. ती खाली उतरली तेव्हा बस त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती.

‘अगं, होतीस कुठे?’

‘अहो, ओरडताय काय? घड्याळात पाच पंधरा झालेत, म्हणजे पाच पाच. वेळेवर तर आलेय!’

त्याचं तोंड खर्रकन उतरलं. चूक कुणाची ते दोघांनाही कळलं.

पुढची बस अर्ध्या तासानं होती. समोर टॅक्सी उभी होती. त्यानं खिशातला कागद काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. पंधरा मिनिटं नुसता पाय बदलत उभा! शेवटी तिनंच टॅक्सीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. पुलावर ही गर्दी. सिग्नल तीनदा हिरवा झाला, टॅक्सी हातभर सरकली. तिनं स्वेटरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

दोघं आश्रमाशी पोचली तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. वॉचमन फाटकाला कुलूप घालत होता.

‘भाऊ, चारच मिनिटं झालीयत. लांबून आलोय आम्ही.’

‘बाबा, सहा म्हणजे सहा. एकाला सोडलं की दहा जण येतात. उद्या चारला या.’

‘उद्या सकाळी सातला आमची गाडी आहे हो!’

‘त्याला मी काय करणार?’

टायमकीपर आधी चिडला, मग हात जोडले. जन्मात कुणापुढे जोडले नव्हते. वॉचमन किल्ली खिशात टाकून आत गेला.

बायको फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली. ‘राहू द्या. त्याचं काही चुकलं नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तरी कुठे थांबवली होती गाडी? मी पळत होते त्या दिवशी माझे बाबा गेले. पुढच्या गाडीनं पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.’

सासरे कधी गेले ते त्याला ठाऊक होतं. किस्सा तर तोंडपाठच होता. पण तो दिवस हाच, हे त्यानं कधी जुळवूनच पाहिलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

‘सकाळची गाडी जाऊ दे,’ तो म्हणाला.

‘तिकीट फुकट जाईल. लॉजचे पैसे पुन्हा भरावे लागतील.’

‘जाऊ दे म्हटलं ना!’

‘लेक वाट बघेल.’

‘मी करतो तिला फोन.’

दुसऱ्या दिवशी दोघं तीन वाजल्यापासून फाटकाशी उभी होती. चारला कुलूप निघालं. अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिनं बहिणीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं.

‘गाडी चुकली का गं तुझी?’ अक्का म्हणाली. ‘बाबा केव्हापासून तुझीच वाट बघतायत.’

अक्कानं ओळखलं होतं! बायकोचे डोळे वाहू लागले. दाराशी उभा असलेला टायमकीपर पुढे झाला.

‘तिची चूक नाही, अक्का. ती पळत येत होती, मला दिसत होती. तरी मी गाडी सोडली.’

अक्कानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हा कोण, ते काही तिला उमगलं नाही.

‘मग थांबवायची की हो जरा,’ ती म्हणाली आणि बहिणीला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.