डबाभर भुंगेरे आणि पुंडलिकनगरचं गाजरगवत

"दाजी, येताना डबाभर भुंगेरे घेऊन या," असा मेहुण्याचा फोन आला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. मेहुणा संतोष संभाजीनगरातल्या एका वनस्पती उद्यानाचा सुपरवायझर. दुष्काळी साल, दोन सरी पडल्या, त्यावर लावलेली झाडं वाळली आणि गाजरगवत तेवढं कमरेएवढं माजलं. हे भुंगेरे फक्त गाजरगवत खातात. पुण्यातल्या ओळखीच्या कीटकतज्ज्ञाकडून डबा भरून घेतला आणि शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडली. (जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही.)

कंडक्टरनं डब्याला कान लावला. "चावत्यात का?"

"गाजरगवताला फक्त."

तरी त्यानं तिकीट लांबूनच दिलं. नेवाशानंतर खिडकीबाहेर हिरवं म्हणून काही दिसेना.

उद्यानाच्या दारात मांडव, रांगोळी. आत जमीन डोक्याचा गोटा केल्यासारखी स्वच्छ.

"बघा, कसं चकाचक केलंय!" संतोष खुशीत होता. "उद्या साहेबांच्या हस्ते भुंगेरे सोडायचेत. पाहुण्यांसमोर गवत बरं दिसतं व्हय?"

"अरे, मग ते खाणार काय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. डब्यातला पाला संपत आला होता. आम्ही स्कूटरवरून गाजरगवत हुडकायला निघालो. नव्या इमारतींनी मोकळी जागाच ठेवलेली नाही. शेवटी पुंडलिकनगरात एका रिकाम्या प्लॉटवर ते हिरवंगार सापडलं. "घ्या भुंगेऱ्यांनो, खा गवत," म्हणत मी डबा उघडणार, तेवढ्यात हंडा घेतलेली एक बाई धावत आली.

"किडे सोडू नका, दादा! गवताखाली व्हॉल्व्ह गळतोय. गल्ली त्याच्यावर पाणी भरती. गवत गेलं की लोकांना दिसंल, मग कुनीतरी येऊन बुजवून जाईल. नळाला आठवड्यानं पाणी येतंय. म्या लेकरांना काय पाजू?"

मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गाजरगवताची काळजी वाटली.

"मावशी, कडेची चार झाडं द्या," संतोष म्हणाला. "व्हॉल्व्ह आमी बघितलाच नाय."

मावशींनी स्वतः मातीसकट झाडं काढून दिली. मुळं सुकू नयेत म्हणून हंड्यातलं पाणीही ओतलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी उद्यानात आम्ही गाजरगवत लावलं. "काल उपटलं, आज लावायचं?" म्हणत माळ्यानं कपाळावर हात मारला, पण झाडांभोवती पाण्याची आळी नीट केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी फीत कापली, भुंगेरे सोडले. "रोपं जोमदार आहेत," असं कौतुकही केलं. टाळ्या झाल्या. दुपारी आम्ही जुन्या शहरात नान-खलिया हाणला. तुम्हीही खा, पण लवकर जा. उशिरा गेलं की तळाचा रस्सा मिळतो.

पुण्यात परतलो आणि आठवड्याभरात संतोषचा फोन. चारही झाडांचे खराटे झाले होते, भुंगेरे उडून गेले होते आणि मावशींचा निरोप आला होता: "तुमचे पाहुणे आमच्याकडं आलेत."

आता गाजरगवत संपवायला निघालेला हा सुपरवायझर रोज ड्यूटीआधी पुंडलिकनगरला जातो आणि गाजरगवतावरचे भुंगेरे एकेक करून वेचतो. मी रोज फोन करून विचारतो, "आज किती?" एकही नव्हता म्हणाला की बरं वाटतं. पण लगेच विचारतो, "पानाच्या खालून बघितलंस ना?"