लेन्सवरचं हळदकुंकू

बाबांचा एकही धड फोटो घरात नाही, याचा मला अजून संताप येतो. मोबाईल पुढे केला की ते तोंड फिरवायचे. "काढायचा तर माझ्या कॅमेऱ्याने काढ," म्हणायचे. हट्टी माणूस! शेवटी दसऱ्याला मी एव्हरशाईन वसाहतीतल्या माझ्या घरून माहेरी भुईगावला गेले, त्यांच्याच जुन्या कॅमेऱ्यात फिल्म भरली आणि वाडीतल्या विहिरीच्या काठावर बसवून त्यांचे नऊ फोटो काढले, दोन-तीन वाडीतल्या केळींचेही. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं. पांढरे केस चमकत होते, फार छान दिसत होते. अर्धा रोल शिल्लक म्हणून धुवायला दिला नाही. दिवाळी उलटली आणि बाबा गेले.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. रोल वसईतल्या एका दुकानात दिला. हातात आले ते नऊच्या नऊ फोटो असे, की बाबांच्या तोंडावर पीठ उधळल्यासारखं पांढरं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मी तशीच काउंटरवर उभी राहून त्या दुकानदाराला नाही नाही ते बोलले. औषध जुनं वापरलंत, रोलवर उजेड पडू दिलात, आता माझा बाप परत येऊन बसणार आहे का फोटोला? रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

त्याने निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरली.

"ताई, कडा बघा. भोकांची जागा साफ आहे. माझ्याकडून किंवा कॅमेऱ्याच्या मागून उजेड शिरला असता, तर इथेपण काळं आलं असतं, निगेटिव्हवर उजेड काळाच उमटतो. हे लेन्समधून आलंय. हा केळीचा फोटो सावलीतला, तो ठीक आहे. समोर ऊन आलं तिथेच पसरलंय. लेन्सला काही लागलं होतं का?"

"काही लागलं नव्हतं," मी ओरडले आणि निघाले.

घरी येऊन लेन्स तिरकी धरली. काचेवर तेलकट, पिवळसर फराटा होता. मग आठवलं.

दसऱ्याला आमच्याकडे कोयता, कुदळ, पाण्याचा पंप यांच्या रांगेत कॅमेऱ्याचीही पूजा होते. दिवा लावून तेलकट झालेल्या हाताने बाबा त्याच्या काचेवर हळदकुंकवाचं बोट टेकवायचे, वर्षानुवर्षं. बिघडायचं काही नाही, कारण लेन्सपुढे एक साधी काच फिरवून बसवलेली असायची. पूजा झाली की ती काढून ते धुऊन ठेवायचे. ती काच मी गणपतीतच काढून टाकली होती. का, तर तिच्यामुळे फोटोत उजेड फाकतो, असं कुठेतरी वाचलं होतं. मोठी शहाणी! बाबांना सांगितलंही नाही. त्यांनी नेहमीसारखं बोट टेकवलं, ते थेट लेन्सवर.

"थांब, काच धुऊन देतो," ते म्हणाले.

"राहू द्या हो बाबा, ऊन जाईल," म्हणत मी ओढणीने पुसून मोकळी झाले.

भिंतीवर आता आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. बघून कोणी काही विचारलंच, तर दुकानवाल्याने रोल नासवला, असं मी सांगते. आईलाही तेच सांगितलंय.